खालच्यांचा कागद

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज कालव्याच्या दारावर पोलिसांची गाडी उभी आहे. पाणी सुटलं की ती येतेच. तुम्ही पाटकरी होतात तेव्हा तिथं तुमची सायकल तेवढी असायची.

एक दिवस सारखा आठवतो. तुम्ही चुलीपाशी बसून पाणीपाळी सांगताय, मी यादी लिहितेय. वरच्या बागायतदारांनी सकाळीच काकवी पाठवलेली, म्हणून मी त्यांचं नाव आधी घातलं. तुम्ही कागद फाडून चुलीत टाकलात. "शेवटच्या शेतापासनं लिही. वरच्याला पानी डोळ्यानं दिसतंय, पोरी. खालच्याला निस्ता कागद दिसतोय." काकवीही परत गेली. मी रडले होते.

पुढं दहावी झाल्यावर लग्न होऊन न्हावऱ्याकडं, त्याच पाटाच्या वरच्या अंगाला, उसाच्या घरात पडले. तुमच्यामागं पाटावरची मंडळी पाळीची यादी माझ्याकडून लिहून घेऊ लागली. दुष्काळाच्या साली एकच पाळी सुटणार होती. दीर म्हणाले, "वैनी, दोनच दिस आपलं आधी लिवा. देव काय यादी तपासाया येतोय व्हय?" मी नुकतीच पूजेवरून उठले होते. त्याच हातानं लिहिलं. खालच्या वस्तीतले आप्पा, तुमच्याबरोबर चहा पिणारे, भिंतीवरचा कागद वाचून म्हणाले, "पाटकऱ्याच्या लेकीनं लिवलंय, म्हंजी कायतरी कारन असंल," आणि सगळ्यांना घेऊन घरी गेले. दारावर पहाऱ्याला कुणी थांबलं नाही. वरच्यांचे दोनाचे पाच दिवस झाले, मग कालवाच बंद झाला. खाली प्यायच्या विहिरीसुद्धा कोरड्या राहिल्या.

पुढच्या सालच्या पाळीला खालच्या पोरांनी कालव्याचं दार फोडलं. दगड चालले. सोडवायला गेलेल्या आप्पांचं डोकं फुटलं, दिरांचा हात मोडला. तेव्हापासून वरच्या-खालच्यांचं लग्नकार्याला जाणं-येणं नाही, शिरूरच्या बाजारात ओळखीची माणसं तोंड फिरवतात. पोलिसांच्या देखत पाणी सुटतं आणि तरी खाली पोचत नाही. आता पोचेल असं मला वाटतही नाही.

चौकशीत मी सांगितलं, चुकून उलटं लिहिलं गेलं. डोक्याला टाके पडलेले आप्पाच मला म्हणाले, "व्हतंय लेकरा, चुकतं मानूस."

आबा, ती चूक नव्हती. हे पत्र खरं तर आप्पांना द्यायचं. ते जिवंत आहेत, म्हणून तुम्हाला लिहिलं.