बझरशेजारी लावलेला दिवा

मामंजी, काल लाँचवर बझरशेजारी एक लाल दिवा लावला आणि तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही. सकाळी भाजी करपली. दोनदा उगाच धक्क्यावर जाऊन आले, बांधलेली लाँच बघितली आणि परत फिरले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी इंजिनाचं काही बिनसलं की मनातल्या मनात सासऱ्यांशीच बोलायची सवय सुटलेली नाही. आज कागद घेऊनच बसले.

मी आटपाडीची. पाणी बघितलेलं ते टँकरच्या पाइपातून येणारं. लग्न होऊन कोयनेच्या या अफाट पाण्याकाठी आले तेव्हा धक्क्यावर उभं राहायचीही भीती वाटायची. हे रजा संपवून पलटणीत गेले आणि तुम्ही एका सकाळी म्हणालात, "चूल कुणीबी पेटवंल. चल, तुला इंजिन दावतो." सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "आवं, सुनेच्या हाताला डिझेलचा वास लागला तर लोक काय म्हणतील?" तुम्ही चप्पल घालता घालता म्हणालात, "लोकास्नी पलीकडं जायाचंय न्हवं? मग काय म्हणत्यात?" सासूबाईंचा राग पुढे बरेच दिवस माझ्यावर निघाला, तुमच्यावर नाही. पावसाळ्यात आपण रोज संध्याकाळी लाँचची बॅटरी उचलून घरी आणायचो आणि चुलीपासून लांब, फळीवर ठेवायचो. तिच्या टोकांवर साठलेली पांढरी बुरशी मी गरम पाण्यानं धुवायची आणि वर सासूबाईंच्या टाचांच्या भेगांचं व्हॅसलीन लावायची. ते संपलं की घरात पुन्हा महाभारत.

तुमची बोलणी खाल्ली ती एका थेंबापायी. लाँच ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर पाण्यात जातो तिथून थेंबथेंब पाणी आत येताना दिसलं. मी पाना घेऊन नट असा आवळला की थेंब बंद झाला, आणि मोठ्या तोऱ्यात तुम्हाला दाखवायला बोलावलं. तुम्ही नुसता हात लावून बघितलात. "बंद केलास व्हय? आगं, त्या पाण्यानंच दांडा गार ऱ्हातो. तापला तर भर पाण्यात अडकंल. थोडं गळू दे." नट सैल करताना मला रडू येत होतं, रागानं. आजही लाँचवर पाय ठेवला की आधी तो थेंब बघते.

आणि तो लांब स्क्रू ड्रायव्हर. चालू इंजिनाला त्याचं टोक टेकवून लाकडी मूठ तुम्ही कानामागच्या हाडाला लावायचात, डोळे मिटून. मग तो माझ्या हातात द्यायचात. "तू ऐक. काय म्हणतंय सांग." मी घाबरत सांगायची, मागच्या बाजूला टकटक आहे. "मोठ्यानं सांग. कुठं?" मी पुन्हा सांगायची. बरोबर की चूक हे तुम्ही कधी लगेच बोलला नाहीत, तो भाग उघडून बघायचात. मला ती परीक्षाच वाटायची. शेवटच्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर तो स्क्रू ड्रायव्हर तुम्ही माझ्या हातात ठेवलात आणि परत मागितला नाहीत.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या वाडीची माणसं घेऊन निघाले होते. त्यांत एक बाळंतीण, मांडीवर तान्हं बाळ. मध्यावर तिनं माझ्या खांद्याला हात लावला. "मावशी, ते कवाचं वाजतंय वं?" ऑइल कमी झाल्याचा बझर वाजत होता आणि मी शेजारी उभी राहून लाँच हाकत होते. इंजिन बंद केलं. ऑइलच्या पाइपाचा नट सैल होऊन ऑइल गळत होतं. नट आवळला, डब्यातलं ऑइल ओतलं, पुन्हा निघालो. थोडा उशीर झाला असता तर इंजिन जाम होऊन बाळासकट सगळे मध्येच अडकले असते. माणसं म्हणाली, वाऱ्यात काय ऐकू येणार. मी हो म्हटलं. वारा तसा नव्हताच.

म्हणून दिवा. ह्यांनाही मी वाऱ्याचंच कारण सांगितलं. खरं कळलं तर हे चावी काढून घेतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही, हेच मला सोसत नाही.

आज दुपारी लेकीला बरोबर घेऊन दिवा तपासला. चावी फिरवली. ती म्हणाली, "वाजतोय, दिवाबी लागला." मला नुसता दिवा दिसला. इंजिन चालू केलं, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागच्या हाडाला लावली. तिथून मात्र इंजिनाची धडधड अगदी स्वच्छ आली, आणि माझा हात तिथेच थांबला. कानामागचं हाड. मोठ्यानं सांग. मी बोलत असताना माझ्या ओठांवर खिळलेली तुमची नजर. मामंजी, ती परीक्षा नव्हती. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं.

आधी तुमचा राग आला. एवढी घाबरायचे मी. मग हसू आलं, मग डोळे पुसले. लेक विचारत होती, आई, काय झालं. मी स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "तू ऐक. काय म्हणतंय सांग." तिनं डोळे मिटले. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले.

उद्यापासून दर फेरीला ती माझ्या शेजारी बसणार आहे. शिकायला म्हणून, असं तिला सांगितलंय.