काचेवरचा थेंब

६ मार्च
पुन्हा बारा टक्के! परवा चौदा होते. अंगावर पडणाऱ्या उन्हातला तेवढाच हिस्सा आमच्या सेंद्रिय सौरपट्टीत वीज होतो. तीच काच, तेच द्रावण, तेच हात. तरी रोज वेगळा आकडा! आमच्या लॅबचे प्रमुख नाम सर शांतपणे म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत सोळा दिसले नाहीत तर हा विषय बंद करू."
आणि सकाळपासून मळमळतंय.

९ मार्च
चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा! माझा नवरा ग्यूसोक बाथरूमच्या दारातच मटकन बसला. हसत होता की रडत होता, कोण जाणे. त्याला बजावलंय – लॅबमध्ये कुणाला कळता कामा नये. कळलं तर माझा विषय दुसऱ्याला देतील.

१४ मार्च
हेवॉनताईनं ओळखलं. ही माझी सीनियर. इतकी फटकळ, की चार वर्षांत कधी गोड बोलली असेल तर शपथ. आज विषारी द्रावणाची बाटली हातातून काढूनच घेतली.
"हो बाजूला."
"अगं ताई, माझं काम आहे ते."
"तुझं? पोटातल्याला विचारलंस?"
मी बाटली परत घ्यायला हात पुढे केला. तिनं ती पाठीमागे धरली.
"डब्यातल्या किमचीच्या आंबूस वासानं पळतेस, मी काय आंधळी आहे? सरांना आजच सांग. नाहीतर मी सांगते!"
मी सांगत होते तेव्हा ही दारात पहारेकऱ्यासारखी उभी. सर म्हणाले, "द्रावणं हेवॉन बघेल. तू काचा बघ. विषय तुझाच."
जिन्यात जाऊन मनसोक्त रडले.

२२ मार्च
काचेवर वीज वाहून नेणारा पारदर्शक थर असतो, तो आमचा इलेक्ट्रोड. ताई तो अतिनील दिव्याखाली धरते, म्हणजे वरचं द्रावण सारखं पसरतं. मग मी काचेवर पाण्याचा थेंब ठेवून फोटो काढते; थेंब जितका सपाट, तितकी काच चांगली. दिवसभर हेच! कंटाळा.

२८ मार्च
थेंब!!
जेवणाआधी काचेवर पार सपाट झाला होता. जेवून आले, त्याच घाण्यातली दुसरी काच घेतली – थेंब गोल, मोत्यासारखा! म्हणजे दिव्याचा गुण उतरतो. हवेतलं काहीबाही काचेवर बसतं. आणि आम्ही रोज काचा तयार करून निवांत जेवायला जातो!
"ताई, आपण सूप भुरकत होतो तेव्हा काचा बिघडत होत्या गं!"
ताई कपाळाला हात लावून म्हणाली, "माझ्या आईनं शिकवलं, आधी पोटोबा. घ्या आता!"
उद्यापासून काच दिव्याखालून काढली की लगेच द्रावण. जेवण नंतर.

११ एप्रिल
सोळा पूर्णांक तीन! आणि एकही काच लंगडी नाही. सरांनी आकडा स्वतः पुन्हा मोजला, मग सगळ्यांना जेवायला नेलं. मला मांसाचा वास सोसेना, तर माझ्यासाठी खिडकीजवळची जागा आणि नुसती भाताची पेज. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "थेंब हिनं पाहिला."
"पाहील नाहीतर काय," ताई म्हणाली, "दुसरं काही करूच दिलं नाही मी तिला!"
किती हसलो! ही माणसं मला मिळाली. काय पुण्य केलं होतं मी?

१२ एप्रिल
बसस्टॉपवर ताईला म्हटलं, "तुझे उपकार कसे फेडू?" नेहमीसारखी खेकसली नाही. माझ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.
"माझं मूल गेलं तेव्हा पाचवा महिना होता," म्हणाली. "मी कुणाला सांगितलंच नव्हतं."