शंभरावरचे आठ मणी

३ मार्च, सोमवार

एकशे सात! आमच्या कारखान्यातली जपमाळ, आणि मणी एकशे सात!

सकाळी आत्याने नेहमीसारखं टपाल उघडलं. ती माझ्याआधी अर्धा तास येते, दिवे लावते, पाकिटं फोडते, मेणाची वाटी खिडकीत ठेवते. मी पोचले तेव्हा मालक एक चिठ्ठी वाचत उभे होते. कुणा आजोबांची. ‘दीड महिना या माळेवर जप करतो आहे. काल सुनेने मणी मोजले, एक कमी निघाला. आतापर्यंतचा जप धरला जाईल की वाया गेला, ते कळवावे.’ जसं काही वरची नोंदवही आमच्याकडेच असते!

मी माळ घेतली आणि चिमटीत तीन-तीन मणी धरून मोजली. छत्तीस चिमट्या, एकशे आठ. ‘बरोबर तर आहे!’ म्हटलं. मालकांनी माळ टेबलावर पसरली आणि एकेक मणी बोटाने सरकवत मोजला. एकशे सात. माझं तोंड एवढंसं झालं. घाईत मोजलं असणार.

‘गाठ बघा,’ आत्या म्हणाली, ‘तीन पिळांची आहे. माझीच.’

ओवणाऱ्या आम्ही दोघीच. शेवटच्या गाठीला आत्या तीन पीळ देते, मी दोन. गाठ बघितली की माळ कुणाची ते कळतं. एक्केचाळीस वर्षांत आत्याची एक माळ परत आली नव्हती. तिचा चेहरा मात्र शांत. चहा गाळल्यासारखं म्हणाली, ‘वय झालं.’

५ मार्च, बुधवार

मोठी ऑर्डर! नवीन रुग्णालयात सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी एक प्रार्थनेची खोली होते आहे, तिथे ठेवायला दोनशे माळा. एकशे आठच्या, नव्व्याण्णवच्या, एकोणसाठच्या, तेहतिसाच्या. मालकांना आणखी एक खूळ सुचलं — प्रत्येक माळेबरोबर एक छोटी चिठ्ठी, ‘हाच आकडा का’ ते सांगणारी. लिहिणार कोण? मी! का तर मी ‘रोज काहीतरी लिहीत असते’. म्हणजे ही वही त्यांनी पाहिली आहे की काय? आतलं वाचलं नसेल अशी आशा.

ज्या माणसाने खोक्यांच्या फळीवर बारानंतर एकदम चौदा नंबर घातला आहे, त्याने मला आकड्यांचा अर्थ लिहायला सांगावं! मी एकदा विचारलं होतं, तेरावं खोकं कुठंय. म्हणाले, ‘ताई, माझा विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर. पण उगाच कशाला?’

८ मार्च, शनिवार

कारखान्याच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरांकडे गेले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी दारात उभं राहिलं की पाढे विचारतील असं वाटतं. एकशे आठ का, म्हणून विचारलं तर डोळे चमकले. बारा राशी, नऊ ग्रह — गुणा. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण — गुणा. बौद्धांत सहा इंद्रियं, त्यांना सुखद, दुःखद आणि धड दोन्ही नाही असं तीन तऱ्हांचं वाटणं, ते आसक्तीचं किंवा विरक्तीचं, आणि काळ तीन — गुणा. कुठूनही निघा, एकशे आठला पोचता.

मी म्हटलं, ‘म्हणजे काहीतरी आहे तर या आकड्यात!’

‘आकडा बिचारा गप्प असतो,’ मास्तर म्हणाले. ‘आपण त्याच्या तोंडी घालतो. पण इतक्या लोकांनी इतकी वर्षं घातलं, की आता तो बोलतोय असंच वाटतं.’

हे चिठ्ठीत लिहिलं तर मालक मला आकड्यांसकट बाहेर काढतील.

घरी आल्यावर आत्याला तेच विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, ‘शंभर त्याचे. वरचे आठ आपल्या चुकांचे. मोजताना डुलकी लागते, मणी निसटतो, मन भलतीकडे जातं — त्याची भरपाई आधीच ओवून ठेवायची.’ मग हसली. ‘म्हणजे त्या आजोबांना कळवून टाक. एकशे सात असले तरी अजून सात चुका हातात आहेत.’

कळवलं! शब्दशः. मालकांना न विचारता.

११ मार्च, मंगळवार

दुसरी आली. चंदनाची. एकशे सात. गाठ तीन पिळांची.

माळ इतकी वापरलेली की मणी गुळगुळीत झालेत, गाठ तेवढी कोरी दिसते. आत्याची गाठ ती, मळायचीसुद्धा हिंमत होत नसेल.

दिवसभर हात कामात आणि जीव टांगणीला.

१२ मार्च, बुधवार

मालकांनी मला एकटीला बोलावलं. माणूस वाईट नाही. टेबलावरची काच पुसत बसले. ‘ताई, आत्यांनी मला शाळेत जाताना पाहिलंय. मी त्यांना कसं सांगू? दोन झाल्या. तिसरी आली तर मात्र… रुग्णालयाच्या ऑर्डरमध्ये असं झालं तर आपलं नाव गेलं.’

तीन! सगळ्या गोष्टींत तीनच का असतात? तीन वर, तीन पावलं, तीन संधी. दोनदा माफ आणि तिसऱ्यांदा दार बंद. मास्तर म्हणतील, तीन म्हणजे सुरुवात, मधलं आणि शेवट. मला ते शेवटाचं नको आहे.

नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याने दुसरा संसार थाटला तेव्हा मी एक बॅग घेऊन आत्याच्या दारात उभी राहिले. किती दिवस राहणार, असं तिने आजवर विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, ‘चल, तुला काम शिकवते.’ खिडकीजवळची तिची खुर्ची आणि शेजारी माझी. ती खुर्ची रिकामी झाली तर मी तिथे बसू कशी?

ठरवलं. आत्याची प्रत्येक माळ खोक्यात जायच्या आधी मी मोजणार. गुपचूप.

१४ मार्च, शुक्रवार

गुपचूप कसलं! आत्याने दुपारीच पकडलं. रागावली नाही. म्हणाली, ‘असं करू. माझ्या तू बघ, तुझ्या मी बघते. कुणाला वाईट नको वाटायला.’

तिच्या अठ्ठावीस माळा टेबलावर एकेक मणी सरकवून मोजल्या. मान मोडली. सगळ्या बरोबर. एकही चूक नाही!

आणि हिने काय केलं? माझ्या माळा तळहातावर नुसत्या तोलल्या, बाजूला ठेवल्या, आणि त्यातल्या चारांच्या गाठी सोडून पुन्हा बांधायला घेतल्या! काय झालं विचारलं, तर ‘सैल होत्या.’ माझ्या गाठी सैल? नऊ वर्षं बांधते आहे! मला राग आला आणि मी तो दाखवलाही. अर्धा तास बोलले नाही. ती आपली मान खाली घालून, पाठ माझ्याकडे करून, मण्यांच्या ताटात हात घालून बसली होती. काही गुणगुणतही होती.

१५ मार्च, शनिवार

काल उगाच चिडले. तिच्या हातून चुका होतात, म्हणून माझ्या गाठीत काहीतरी शोधत असेल बिचारी. तेवढं तिला मिळू दे.

१९ मार्च, बुधवार

नव्व्याण्णवची चिठ्ठी झाली. अल्लाची नव्व्याण्णव नावं, एका मण्याला एक. शंभरावं नाव माणसाला ठाऊक नाही म्हणतात. मला हे फार आवडलं. सगळं मोजून झालं तरी एक बाहेर राहतंच. तेहतीस म्हणजे त्याचाच तिसरा हिस्सा, तीन फेरे मारले की नव्व्याण्णव. ख्रिस्ती लोकांच्या एकोणसाठची चिठ्ठी मात्र डोकं खाते आहे — पाच वेळा दहा, मध्ये मोठे मणी, शिवाय लोंबत्या शेपटीतले वेगळे. तीन वेळा लिहिली, तीन वेळा फाडली.

आणि आम्ही? दिवसभर आकडेच बोलतो, कळतही नाही. मालक फोनवर, ‘सतराशे साठ भानगडी आहेत हो इथे!’ मास्तरांचा आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंचा छत्तीसचा आकडा. माझी मालकांनी बोलावलं की पाचावर धारण बसते. हे सगळं कुणी चिठ्ठीत घालणार नाही, पण माझ्या मते देवाधर्माच्या आकड्यांची ही सगळी गरीब नातेवाईक मंडळी.

छत्तीसशी माझं मात्र कायम जमलं. ओवायची आमची पद्धतच तशी — चिमटीत तीन मणी, सुई आरपार, पुन्हा तीन. बघायचं नाही. पहिला मणी अंगठ्याखाली, दुसरा तर्जनीखाली, तिसरा मधल्या बोटाखाली. छत्तीस चिमट्या झाल्या की माळ पुरी. बघून ओवायला लागलं की दिवसाला पाच माळासुद्धा होणार नाहीत.

२० मार्च, गुरुवार

आत्या रोज संध्याकाळी माझ्या बोटाला खोबरेल चोळते. डिसेंबरात इस्त्री टेकली होती मधल्या बोटाच्या टोकाला. फोड कधीच गेला, कातडी तेवढी जाड राहिली आहे. ‘अगं, बरं झालंय ते!’ म्हटलं तरी ऐकत नाही. ‘कळतं का इथे?’ म्हणून टोचून बघते. कळतं म्हटलं. तेवढ्याने तिचं समाधान होतं, तर होऊ दे.

२६ मार्च, बुधवार

तिसरी आली.

आत्याने पाकीट उघडलं, आणि मी पोचेपर्यंत माळ मालकांच्या टेबलावर. तीन पीळ. एकशे सात.

मग आत्याच म्हणाली, ‘मालक, रुग्णालयाची ऑर्डर पुरी करते आणि थांबते.’ मालकांनी मान डोलावली. डोळे पुसायला चष्मा काढला आणि चष्माच पुसत बसले.

मी जिना उतरून खाली जाऊन रडले. मास्तरांनी दार उघडलं, पाण्याचा पेला दिला, दार लावून घेतलं. त्यांचे उपकार.

२७ मार्च, गुरुवार

आत्याशी भांडले. पहिल्यांदाच. म्हटलं, तुझ्या अठ्ठावीस माळा मी डोळ्यांनी मोजल्यात, एक चुकीची नव्हती! मालकांना सांगते. जुन्या असतील त्या, तेव्हा तुला बरं नसेल.

‘काही सांगायचं नाही,’ ती म्हणाली. अगदी ठामपणे. मग हळू आवाजात, ‘मी एकाहत्तरची. मला आता पुरे. तुला अजून वीस वर्षं काढायचीत त्या खिडकीत.’

४ एप्रिल, शुक्रवार

दोनशे माळा गेल्या. सगळ्या माळा दोघींच्या नजरेखालून गेलेल्या. मालकांनी शेवटी स्वतः वीस उचलून मोजल्या — सगळ्या बरोबर.

आत्याचा शेवटचा दिवस. तिने मेणाची वाटी घासली, कात्री पुसली, खुर्चीवरची उशी झटकली. निघताना माझ्या टेबलाशी आली, मण्यांचं ताट माझ्या उजवीकडून उचललं आणि डावीकडे ठेवलं.

‘उद्यापासून मणी डाव्या हाताने उचलत जा. सुई उजव्यात धर.’

‘का गं?’

‘उजव्याने खूप केलं. थोडी विश्रांती दे त्याला.’

म्हटलं बरं. तिने एवढ्या वर्षांत दुसरं काही मागितलं नव्हतं.

५ एप्रिल, शनिवार

डाव्या हाताने जमता जमत नाही. दिवसात चार माळा! मालक बघून गेले. शेजारची खुर्ची रिकामी. मी अजून माझ्याच खुर्चीत बसते.

९ एप्रिल, बुधवार

आत्याला घरी करमतं! मला वाटलं होतं खचेल. मास्तरांकडे जाऊन पत्ते खेळते आणि जिंकते. मीच दिवसभर तिच्या नावाने उसासे टाकते.

रुग्णालयातून निरोप आला, चिठ्ठ्या लोकांना आवडल्या. एकशे आठच्या चिठ्ठीत शेवटी मी आत्याचं वाक्य घातलं होतं. मालकांनी ते खोडलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

टपाल आता मीच उघडते. आज पाकिटात माळ निघाली. चिठ्ठीत एकच ओळ, ‘जानेवारीत घेतली, एक मणी कमी आहे.’

टेबलावर एकेक मणी सरकवला. एकशे सात. गाठ दोन पिळांची. हाताच्या घामाने काळी पडलेली. आत्याच्या त्या तिन्ही माळांच्या गाठी कोऱ्या करकरीत होत्या, आणि टपाल माझ्याआधी अर्धा तास तीच उघडायची.

डोळे मिटून उजव्या चिमटीत मणी उचलले. तीन वाटले. उघडून पाहिलं — दोन.

माळ मालकांच्या समोर नेऊन ठेवली आणि म्हटलं, ‘ही चौथी. आधीच्या तिन्ही माझ्याच होत्या.’