छोट्या लाईनच्या जुन्या फलाटावरील दगडी बाक न तोडण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगर पंचायत कार्यालय, चिचटोला,
जि. चंद्रपूर

विषय : स्टेशन वार्डातील जुन्या फलाटावरचा दगडी बाक जागेवरच राहू देणेबाबत.

संदर्भ : जुने स्टेशन पाडून तेथे बाजार संकुल बांधण्याबाबत आपण वार्डात लावलेली जाहीर सूचना.

अर्जदार : सौ. कमळा लटारू नान्हे, रा. स्टेशन वार्ड, चिचटोला.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार कमळाबाई यांच्या सांगण्यावरून सादर करण्यात येते की, छोटी लाईन चालू होती तोवर स्टेशन वार्डाला गावात मान होता. दगडी फलाट, तिकिटाची खिडकी, इंजिनाला पाणी पाजायची टाकी, आणि समोर हेमराजचे चहाचे हॉटेल, जंगूचे कटिंगचे दुकान, डोमाचे सायकलचे दुकान. या सर्वांचे पोट त्या एका गाडीवर होते. अर्जदाराचे पती श्री. लटारू हे फलाटावरच्या दगडी बाकाशी टोपली घेऊन बसत. हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे, उन्हाळ्यात तेंदूच्या झाडाची टेंभरं, बाकीच्या दिवसांत फुटाणे. पळसाच्या द्रोणात भरून देत आणि वरून चिमूटभर जास्तीचे टाकत.

२. वार्डाची एक रीत आपल्या दप्तरी नसेल, म्हणून येथे नमूद करणे भाग आहे. संध्याकाळची गाडी निघून जाईपर्यंत फलाटावर विकणारा कोणीही तोंड उष्टे करीत नसे. उष्ट्या हाताने गिऱ्हाइकाला खायला देऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. सकाळच्या चहावर दिवस काढायचा. गाडी हलली की कोणीतरी "गाडी गेली" अशी हाक द्यायचा, आणि मग घरोघरी ताटे वाढली जायची. घरच्या बायकाही तोवर उपाशी राहत. कोणी त्यांना सांगितले नव्हते, पण नवरा उपाशी असताना घास गिळत नाही, असे कमळाबाईंचे म्हणणे आहे.

३. पुढे छोटी लाईन बंद झाली. रूळ उचलून नेले, फलाट तेवढा राहिला. लटारूभाऊ काही वर्षे आठवडी बाजारात बसले आणि मग त्यांना विसर पडू लागला. आधी शेजाऱ्यांची नावे गेली, मग मुलीचे गेले, आणि शेवटी घरात वावरणारी बाई कोण, तेही कळेनासे झाले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी हा वयाचा आजार आहे, औषधाने हटत नाही, असे सांगितले. डोक्यात राहिली ती एक संध्याकाळची गाडी. ते रोज दुपारी टोपली घेऊन बाकाशी जाऊन बसतात आणि गाडी गेल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत. "गाडी केव्हाचीच गेली" असे घरच्यांनी सांगून पाहिले. त्यावर त्यांचे उत्तर असे : "टोपली तं भरलीच हाय. गाडी गेली कशी? खोटं काऊन बोलून राह्यले?"

४. तेव्हा वार्डातल्या दुकानदारांनीच उपाय काढला. सांज झाली की हेमराज हॉटेल सोडून पिशवी घेऊन फलाटावर यायचा आणि प्रवासी व्हायचा. जंगू तर एकदा गादीची वळकटी डोक्यावर घेऊन आला होता. दोन-चार जण मिळून टोपली रिकामी करीत, टाकीपाशी उभा राहून डोमा "गाडी गेली" म्हणून हाक देई, की लटारूभाऊ धोतर झटकून उठत आणि घरी येऊन पोटभर जेवत. घेतलेला माल हे लोक मागच्या दाराने कमळाबाईंना परत देत. यात शासनाची कोणत्याही प्रकारे फसवणूक झालेली नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

५. आपली सूचना लागल्यावर दुकाने बायपासकडच्या नव्या गाळ्यांत गेली. डोमाने दुकान कायमचेच बंद केले आणि तो जिवतीला मुलाकडे राहायला गेला. कोणाला दोष नाही, ज्याला त्याला आपला संसार आहे. परंतु बायपासवरून रोज सांजेला धंदा टाकून येणे कोणाला जमेना. कोणीच आले नाही त्या पहिल्या दिवशी लटारूभाऊ दिवेलागण होऊन गेली तरी बसून राहिले आणि भरली टोपली घेऊन घरी आले. ताटाकडे पाहिलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माणूस उठताना भिंत धरू लागला.

६. येथे घरातली स्थिती सांगणे जरूर आहे. लटारूभाऊ कमळाबाईंना "तुमी कोणाकडच्या, बाई?" असे विचारतात. एकदा तर त्यांनी बजावले, "सांजंच्या आत जा तुमी. माही घरवाली आली अन् तिनं तुमाले चुलीपाशी पायलं, तं तिले बरं नाई वाटणार." हे सांगताना कमळाबाई हसल्या. प्रस्तुत अर्ज लिहिणाऱ्याने मात्र पेन खाली ठेवले होते, सबब पुढचा मजकूर वेगळ्या शाईत आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

७. चौथ्या दिवशी कमळाबाईंनी हातात पिशवी घेतली, डोक्यावरून पदर ओढला आणि लांबून वळसा घालून त्या फलाटावर प्रवासी म्हणून गेल्या. लटारूभाऊंनी विचारले, "कुठी जाऊन राह्यल्या, बाई?" बाईंना काही सुचेना, तोंडाला आले त्या गावाचे नाव घेऊन त्या "सावलीले" म्हणाल्या. भाऊ हसले. "सावलीले कुठची गाडी? तिकडं जीपनं जा लागते. बसा, शिंगाडे घ्या." त्यांनी द्रोण भरला, वरून चार जास्तीचे टाकले, आणि आपणहून बोलू लागले : "माह्या घरवालीनं उकडले हे. मिठाचा हात लय चांगला हाय तिचा. कमळा नाव. मी जेवल्याबिगर जेवत नाई ते. म्हून म्हंतो, गाडी बेगीन आली पायजे. ते भुकी बसली असन घरी."

साहेब, कित्येक वर्षांत त्या तोंडून "कमळा" हा शब्द निघाला नव्हता. बाईंनी सगळी टोपली पिशवीत ओतून घेतली आणि "गाडी गेली, भाऊ" एवढे कसेबसे म्हटले. त्या रात्री दोघेही जेवले.

८. तेव्हापासून कमळाबाई रोज प्रवासी होऊन जातात. रोज गावाचे नाव बदलून सांगतात, आणि भाऊ रोज त्यांना त्यांच्या घरवालीबद्दल सांगतात. लग्नात ती किती रडली, पुरात घर गेले तेव्हा रडली नाही, रागावली की चहात साखर कमी टाकते. घरी आल्यावर पुन्हा "तुमी कोणाकडच्या?" आपल्या कार्यालयातील बाबूंनी बाक उचलून घरी न्या, असे सुचविले. हेतू चांगलाच होता. परंतु बाक अंगणात आणला तर कमळाबाई प्रवासी राहत नाहीत, परकी बाई होतात. आणि परक्या बाईशी लटारूभाऊ घरवालीबद्दल बोलत नाहीत, मर्यादेचा माणूस आहे.

९. सबब विनंती की, फलाट पाडू नये. तो पाडणे अटळच असेल तर बाक आणि त्याच्या पुढ्यातली टोपलीएवढी जागा सोडून गाळे काढावेत. तेही नियमात बसत नसेल तर रेल्वेला लिहून एक दिवस खरी गाडीच पाठवावी, म्हणजे तिची वाट पाहणे एकदाचे संपेल. हे शेवटचे लिहू नये असे मी अर्जनवीसाने सुचवून पाहिले. त्यावर बाई म्हणाल्या, "लिवा जी तुमी. मागाले काय जाते?" म्हणून लिहिले आहे.

१०. बाक कायमचा मागितलेला नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे. लटारूभाऊंचा आजार वाढत जाणारा आहे, हे कमळाबाईंना डॉक्टरांनी समजावून सांगितले आहे आणि त्यांना ते समजलेही आहे. एक दिवस असा येईल की त्या पिशवी घेऊन समोर उभ्या राहतील, शिंगाडे घेतील, आणि भाऊ घरवालीबद्दल काही बोलणार नाहीत. त्या दिवशी अर्जदार स्वतः आपल्या कार्यालयात येऊन तसे कळवील. मग बाक तोडावा, अर्जदाराची हरकत राहणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,

(डाव्या हाताचा अंगठा)
सौ. कमळा लटारू नान्हे

अर्ज लिहून देणार : हरिदास, अर्जनवीस, तहसील कार्यालयाबाहेर

दिनांक : १८ डिसेंबर २०२४

सोबत : जाहीर सूचनेची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्डाची झेरॉक्स.