देवघरातलं विमान

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

ती. कारभारी दाजी,

गोकुळचा दंडवत. अक्काच्या पायांवरही डोकं ठेवलं असं समजा. तुमचा गुडघा काय म्हणतो? धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी तो दुखायला लागतो असं अक्का सांगते, तेव्हा त्याची काळजी पाटबंधारे खात्यानंही घ्यायला हवी. इकडं तनुजा बरी आहे, श्रेया होस्टेलवर बरी आहे, पेरूच्या झाडालाही यंदा बरा बार आला. बरा नाही तो मी एकटा. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच हसता आणि मग मला मूळ गोष्ट सांगायचं धैर्य राहत नाही. पत्र वाचताना हसलात तरी मला दिसणार नाही.

मागच्या एकादशीच्या सकाळी मी आंघोळ केली, गंध लावलं, देवघराचं दार आतून लावून घेतलं आणि विमान चालवायला बसलो.

हे वाक्य पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलंत. श्रेयानं दिवाळीच्या सुट्टीत एक नवा कॉम्प्युटर आणला होता. कॉम्प्युटर म्हणजे तुम्हाला वाटेल तसा नव्हे. तुमच्या पानाच्या चंचीत मावेल एवढी एक हिरवी पाटी, तिच्यावर सगळे भाग उघडे बसवलेले, ना झाकण ना अंगावर कापड. तनुजानं पाहिल्या पाहिल्या विचारलं, की कुणाचा रेडिओ फोडून आणला. पण पाटीची खुबी अशी, की ती जुन्या यंत्रांची सोंगं घेते. बहुरूपी जसा आज पोलीस होतो, उद्या वैदू होतो, तशी ही पाटी पूर्वीच्या व्हिडिओ गेमची पेटी होते, आणि सोंग इतकं हुबेहूब की आतल्या गेमला स्वतःलाही कळत नाही आपण कुणाच्या घरी आलोत ते. श्रेया म्हणाली, "बाबा, तुम्ही जत्रेतला तो विमानाचा गेम सांगता ना, तो यात आहे."

जत्रा म्हणजे पैठणची, नाथषष्ठीची. तुमचं नवं लग्न झालेलं होतं. तंबूतल्या पेटीपुढं मला उभं करून तुम्ही खिशातली सगळी मोड माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "अक्काला बोलू नको." मी आजतागायत बोललो नाही. त्या दिवशी पुलाच्या अलीकडंच माझं विमान पडलं आणि मोड संपली. तो पूल माझ्या मनात तसाच राहिला होता. (पुलापलीकडं काय असेल यावर मी गावच्या शाळेत पुष्कळ विचार केला. गणितात मागं पडायचं ते एक कारण.)

श्रेया होस्टेलला परत गेली, पाटी, छोटा स्क्रीन आणि हातात धरायची बटणं इथंच राहिली. आता हे सगळं देवघरात कसं गेलं, तर आमच्या घरात आतून कडी लागेल अशा दोनच जागा आहेत आणि दुसरीत प्लग नाही. पूजा मी चुकवली नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. पूजा आधी, विमान नंतर. फक्त पूजा आटोपशीर होत गेली आणि नंतरचं लांबत गेलं. विमान सुरू करताना मी देव्हाऱ्याचा पडदा ओढून घ्यायचो. देवाला पडद्याआडचं दिसत नाही असं मानणारा माणूस स्वतःला भाविक म्हणवतो, हे लिहितानाही मान वर होत नाही.

पण माणसं बाहेरून बघतात ते दार. दार रोज जास्त वेळ बंद राहायला लागलं, तशी गल्लीत माझी कीर्ती व्हायला लागली. मी बाहेर यायचो तेव्हा डोळे लाल असायचे, अंगठे थरथरायचे, बोलायचं सुचत नसायचं. तनुजानं शेजारी सांगितलं, "लई लागलंय यांचं ध्यान." शेजारची सून परीक्षेला जाताना माझ्या पाया पडून गेली. दाजी, मी पाय मागं घेतले नाहीत. घ्यायला हवे होते. नंतर कळलं की अक्काही पैठणला चारचौघींत माझं उदाहरण देते, तेव्हा तर मी भरल्या ताटावरून उठलो.

आता नानासाहेबांचं सांगतो, कारण पत्र खरं त्यांच्यापायी लिहितोय. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच विठ्ठलाचं छोटं मंदिर आहे. नानासाहेब एसटीत वाहक होते, आता रिटायर झालेत. पत्नी वच्छलाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. जाण्याआधी त्यांनी स्वतःच्या आवाजात अभंग म्हणून नानासाहेबांच्या मोबाइलमध्ये भरून ठेवले होते. मंदिराच्या मंडळाच्या बिनतारी स्पीकरला मोबाइल जोडून नानासाहेब ते रोज सकाळी लावतात. आवाज काही गाणाऱ्या बाईचा नाही. मध्ये खोकला आहे, एका ठिकाणी कडवं चुकून परत घेतलंय, आणि एका अभंगाच्या ऐन रंगात त्या दूधवाल्याला सांगतात, "वट्यावर ठेव रं, मांजर हाय." आमच्या गल्लीला ती मांजर अभंगासकट पाठ झाली आहे. ते वाक्य आलं की नानासाहेब दरवेळी दाराकडं बघतात.

त्या एकादशीला मी बसलो आणि पहिल्यांदाच पूल दिसला. रोज माझं विमान मुकं असायचं, कारण स्क्रीनला आवाजाची सोय नाही. पण त्या दिवशी बटण दाबलं की दुरून, भिंतीतून आल्यासारखा, बारीक नाद यायला लागला. दाबलं की नाद, सोडलं की शांत. कीर्तनात ऐकलेलं आठवलं, की साधना पक्की झाली म्हणजे कुणी न वाजवलेला नाद आतून ऐकू येतो. मला वाटलं, आला. एवढ्या वाईट मार्गानं का होईना, आला. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, दाजी, आणि मी त्या पाण्यातून आणखी जोरानं गोळ्या झाडल्या. मग विमान पडलं, नादही रडवेला होऊन थांबला, आणि मी देव्हाऱ्याचा पडदा बाजूला सारून नमस्कार केला.

बाहेर आलो तर तनुजा मंदिरातून तरातरा परतलेली. नानासाहेबांनी अभंग लावायला मोबाइल हातात घेतला आणि स्पीकरमधून धाडधाड बंदुका सुरू झाल्या म्हणे. ते जेवढं बटण दाबत तेवढ्या गोळ्या वाढत. नैवेद्य दाखवताना विजयाचं संगीत वाजलं आणि आरतीला कुणीतरी मेल्यासारखं. तनुजानं ते सगळं तोंडानं करून दाखवलं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला, कारण तिनं एकही सूर चुकवला नव्हता.

श्रेयाला फोन लावून आडून आडून विचारलं तेव्हा उलगडा झाला. मंडळाचा स्पीकर चार्जिंगला आमच्याच घरी असतो. सुट्टीत तिनं गेमच्या आवाजासाठी पाटीची आणि त्याची जोडी मला न सांगता लावून ठेवली होती. ही यंत्रं एकदा ओळख झाली की विसरत नाहीत, टप्प्यात आली की आपणहून हात मिळवतात. पण स्पीकर एका वेळी एकाचंच ऐकतो. रोज नानासाहेबांचा मोबाइल आधी जोडलेला असायचा, म्हणून माझी पाटी मुकी राहायची. एकादशीला सजावटीमुळं अभंग उशिरा लागणार होते आणि स्पीकर मात्र सुरू करून ठेवलेला. म्हणजे मंदिरात युद्ध मी केलं होतं, आणि नानासाहेब नुसते मोबाइल हातात घेऊन उभे होते.

माणसांनी मोबाइल हातात असलेल्यालाच धरलं. "नानासाहेब, या वयात गेम खेळता व्हय?" कुणी म्हणालं, "खेळा बापा, पण एकादस तरी सोडा." म्हातारा नाय, नाय म्हणत राहिला. संध्याकाळी मंडळाची माणसं माझ्याकडं आली, कारण गल्लीत ध्यानाचा अधिकारी मीच. मी काय बोललो ते ऐका. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "वय झालंय. चूक होते. क्षमा करावी." सगळ्यांनी मान डोलावली. एक जण म्हणाला, "बघा, याला म्हणतात मन." आणि नानासाहेबांकडचं अभंगांचं काम काढून माझ्याकडं दिलं.

त्यानंतर मंदिरात वच्छलाबाई बंद झाल्या. मी बाजारात मिळणाऱ्या भजनांच्या मशीनमधला कुठला तरी तयार अभंग लावायचो, त्यात खोकला नाही, मांजर नाही. नानासाहेब गर्दी पांगल्यावर रस्त्यावरूनच हात जोडून जायचे. मी कबूल करायला त्यांच्या घरी गेलो, चहा प्यालो, त्यांच्या एसटीच्या गोष्टी ऐकल्या आणि घरचे पेरू देऊन परत आलो. पुन्हा गेलो, पुन्हा पेरू देऊन आलो. झाडाचा बार माझ्या भित्रेपणातच संपत आला. देवापुढं मात्र मी रोज कबूल करत होतो. पण देव काही मंडळात नाही.

मग तनुजानं बातमी आणली. नानासाहेबांच्या मनानं घेतलं होतं की मोबाइलमध्येच काहीतरी शिरलंय. शनिवारी ते शहागंजच्या मोबाइलवाल्याकडं जाऊन तो पार धुवून घेणार होते, म्हणजे आतलं सगळं पुसून कोरा. "वच्छलाबाईंचे अभंग?" मी विचारलं. तर त्यांनी तनुजाला सांगितलं होतं, "तिच्या अभंगावर डाग नको, पोरी. नसले तरी चालतील."

दाजी, आपली गावची शाळा मारुतीच्या देवळात भरायची, तुम्ही पाहिली आहे. ज्यानं खोडी केली त्यानं मारुतीकडं तोंड करून मोठ्यानं सांगायचं, अशी गुरुजींची रीत होती. छडी क्वचित लागायची. सगळ्यांदेखत सांगणं हीच छडी. शनिवारी सकाळी मी पाटी, स्क्रीन, बटणं ताम्हणात घातली (पिशवी सुचली नाही) आणि नानासाहेबांच्या दारी गेलो. ते बूट घालत होते. मी सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही देवमाणूस. माझ्यासाठी खोटं नका बोलू." मी हाताला धरून त्यांना मंदिरात आणलं आणि विठ्ठलाकडं तोंड करून सगळ्यांदेखत पुन्हा सांगितलं. तर मंडळाचे लोक हात जोडून उभे. दुसऱ्याचं पाप अंगावर घेतलं म्हणाले. शेजारची सून पुन्हा वाकली.

या वेळी मी पाय मागं घेतले. देवापुढंच मांडी घातली, पाटी जोडली, स्पीकर सुरू केला आणि खेळायला लागलो. धाडधाड गोळ्या सुटल्या. तरी एक जण म्हणाला, "आत्ता शिकून आले असतील." म्हणून मला चांगलं खेळावं लागलं. जितका चांगला खेळत होतो तितकी माझी अब्रू जात होती, कारण अशी सफाई एका सकाळीत येत नाही हे न खेळणाऱ्यालाही कळतं. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. तनुजा खांबाला टेकून उभी होती, तिच्याकडं मी पाहिलं नाही. शेवटी नानासाहेब म्हणाले, "व्हय. हाच आवाज." आणि मग, "हात बसलाय तुमचा चांगला."

मी पाटीची वायर काढली. नानासाहेबांनी मोबाइल जोडला. वच्छलाबाई खोकल्या. मांजर येईपर्यंत कुणी हललं नाही.

तनुजा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एवढे दिवस मी बाहेर हळू आवाजात भांडी घासली." देवघराची कडी मी काढून टाकली आहे, तिथं आता नुसती भोकं आहेत. आणि पाटी घरात ठेवायची नाही असं ठरवून ती बटणांसकट डब्यात घालून आज पैठणच्या गाडीत तुमच्या नावानं पार्सल टाकतोय. हे पत्र त्याच डब्यात आहे.

तुमचा,
गोकुळ

ता. क. – पाटीच्या अंगावर कापड नाही, म्हणून ती तनुजाच्या जुन्या खणात गुंडाळली आहे. ओल्या हातानं धरू नका. माझा खेळ पुलाच्या अलीकडं जपून ठेवलेला आहे, तो कृपा करून कुणाला पुसू देऊ नका.

ता. क. दुसरा – येत्या रविवारी मी नाथांच्या दर्शनाला येतोय. बरोबर नानासाहेब आहेत. पुलापलीकडं काय असतं, हे त्यांनी परवा मंदिरातून निघताना मला हळूच विचारलं. मला माहीत नाही म्हणालो, तर म्हणाले, मग बघायला पाहिजे. दर्शन लवकर आटपेल. दुपारी टीव्ही मोकळा ठेवा. अक्काला बोलू नका.