निधनवार्तेतला जावई

आदरणीय फहमीमामांना,

कैरोतल्या शुब्र्याहून भाचा मुंतसिरचा वाकून सलाम. आपले गुडघे कसे आहेत? मामींचा गेल्या ईदेचा राग उतरला असेल, अशी आशा करतो. दमनहूरला आपलं लोणच्याचं दुकान जोरात असेलच. माझं मात्र काही खरं नाही.

कॉलेज सोडून मी वर्तमानपत्रात लागलो, हे आपण जाणताच. (आई सगळ्यांना 'पत्रकार' सांगते. मी निधनवार्तांच्या टेबलावर बसतो.) पण मामा, कैरोत पहिलं पान वाचतो कोण? मंत्री रोज तेच बोलतात, मरणारे मात्र रोज नवे. माणूस गेला की मुलं, जावई, व्याही सगळे हुद्द्यांसकट छापायचे. एखादा राहिला तर दोन घरांचं बोलणं कायमचं बंद.

परवा याच टेबलावर नजलाच्या आजोबांची निधनवार्ता आली. नजला म्हणजे गल्लीतल्या वजीहसरांची मुलगी, जिच्यापायी माझं कॉलेज सुटलं. (मी तिच्याच कॉलेजच्या फाटकावर जास्त हजर असे.) मुलगे, सुना, नातवंडं वाचत गेलो आणि पुढे बघतो तर, 'नात नजला हिचे नियोजित पती, कस्टम अधिकारी रऊफ'! मामा, माझं डोकंच फिरलं. पेन हातातच होतं. रऊफला उडवला आणि तिथे 'अभियंता मुंतसिर' घातलं. (एक वर्ष शिकलोय, अगदीच खोटं नाही.) डोकं थंड झालं, तोवर पान छपाईला गेलं होतं.

सकाळी अख्ख्या शुब्र्यानं ते वाचलं. संध्याकाळी शोकमंडपात गेलो नसतो तर पळपुटा ठरलो असतो. गेलो, तर वजीहसरांनी दंड धरून थेट घरच्या पुरुषांच्या रांगेत, स्वतःशेजारी उभं केलं. लोक माझा हात दाबून 'अल्ला धीर देवो' म्हणत होते आणि सर दातांतल्या दातांत पुटपुटत होते, "हलू नकोस, गाढवा. चूक झाली म्हणून परत छापलं तर पोरीचं नाव पुन्हा चव्हाट्यावर. आता तुला घरात घ्यायचं की जमिनीत गाडायचं, एवढंच ठरायचंय." समोर रऊफ बिनसाखरेची कॉफी पीत माझ्याकडे टक लावून बसलेला. (त्याचे पंजे फार मोठे आहेत.) कुराणपठण माझ्यासाठीच चाललंय असं वाटत होतं.

निघताना मंडपालगतच्या त्यांच्या घराच्या जिन्यात नजला भेटली. डोळे लाल. मला वाटलं, आता बसणार एक.

"छापायची हिंमत आहे, घरी येऊन मागायची नाही?" ती म्हणाली. "रऊफला मी दोनदा नाही म्हटलंय. काकांनी परस्पर त्याचं नाव घुसडलं, तू परस्पर तुझं. मला विचारावं असं एकालाही सुचलं नाही?"

"मग आता विचारतो."

"जिन्यात नाही! गुरुवारी, बाबांसमोर, घरचं मोठं माणूस घेऊन. एकटा आलास तर दार मीच लावीन."

सरांनीही तेच बजावलंय. गुरुवारी कोणी आलं नाही, तर शुक्रवारी ते माझ्या संपादकांकडे जाणार.

मामींना सलाम, धाकट्यांना पापे.

आपला,
मुंतसिर

ता. क. बाबांच्या मागे माझं मोठं माणूस आपणच. गुरुवारी काळा सूट घालून यावं.

आणखी एक. माझ्या नावापुढे ओळीत थोडी जागा उरली होती, म्हणून 'निवृत्त न्यायाधीश फहमी यांचे भाचे' एवढं घातलं. तेव्हा तिथे लोणच्याचा विषय काढू नये. रऊफचे वडील वकील आहेत. आपल्याला भेटायला तेही मुद्दाम येणार आहेत.