डाउनलोडचा उकिरडा

४ मार्च, सकाळी ७.१०
घरच्या कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर उघडलं. १,३८६ फाइल्स. किळस आली. document(17). scan0009_new_new. qz8__1 नावाचं काहीतरी. ते उघडायला हात धजला नाही. अधूनमधून आईने ठेवलेली नावं: ‘हे ते’, ‘लाइटवाल्याचं’, ‘बबडी डोळे मिटलेली’. शुक्रवारी ऑफिसात कागदपत्र विभागाच्या प्रमुखपदाची मुलाखत. प्रमाणपत्रं गुरुवारी दुपारी एकपर्यंत पाठवायची. असल्या उकिरड्यातून? शक्य नाही.

५ मार्च
प्रोग्राम लिहिला. चाळीस ओळी. फाइलचं नाव म्हणजे डाउनलोडची तारीख आणि मजकुराची पहिली ओळ. दोन नावं जुळली तर दुसरी फाइल कायमची पुसायची. आई म्हणाली, आधी दोन-चार फाइलींवर करून बघ ना बबडे. कोड म्हणजे आमटी नव्हे चाखून बघायला, असं सांगितलं. बॅकअप चुकणाऱ्यांनी घ्यावा.

६ मार्च, सकाळी ८.००
चालवला. अकरा सेकंद. उरल्या २०३. एवढी घाण होती!

सकाळी ८.२५
पदवीचं प्रमाणपत्र आणि आठ गुणपत्रिका एकाच दिवशी उतरवल्या होत्या. पहिली ओळ सगळ्यांची एकच, विद्यापीठाचं नाव. प्रोग्रामने नियम पाळला. चूक विद्यापीठाची. शिल्लक फक्त पहिलं सत्र. गणितात नापास झाले होते ते.

दुपारी १.१०
विद्यापीठातला क्लार्क म्हणाला, नवी प्रत तीन आठवड्यांनी. आईने विचारलं, तोंड का पाडलंस? नाइलाजाने सांगितलं. तिने चष्मा शोधला (डोक्यावरच होता), फोन चाचपला आणि सगळं एका फाइलीत पाठवलं. पास झालीस तेव्हाच ठेवलं होतं, म्हणाली. नाव: ‘बबडीचा दाखला पुसू नये’. एकला दोन मिनिटं कमी असताना पुढे पाठवलं. नाव मुद्दामच बदललं नाही. मूळ फाइलला हात लावू नये, हे शास्त्र आहे.

७ मार्च
मुलाखत. माझी फाइल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर. साहेबांनी नाव मोठ्याने वाचलं. हे कुणी ठेवलं, विचारलं. आईने, असं मी सांगितलं. मग मुलाखतीला त्यांनाच का नाही पाठवलंत, म्हणाले. सगळे हसले. वातावरण खेळीमेळीचं. जागा माझीच.

११ मार्च
सकाळी ऑफिसचं पत्र आलं. letter(3)_rev. ह्यांना प्रमुखाची किती गरज आहे ते नावावरूनच दिसतं. उतरवलं, वाचलं, तसंच टाकून कामाला गेले.
संध्याकाळी पाहिलं तर आईने नाव बदललं होतं: ‘नाही झालं तर नाही जेवून घे’.
राहू दिलं.